राक्षस मारणाऱ्या देवाला संसार कशाला?

कडोली हे बेळगावच्या उत्तरेचं शेतकऱ्यांचं गाव, दर जानेवारीत मराठी साहित्य संमेलन भरवणारं. अशा गावात गप्पांना विषयांची वाण कधीच नसते. तरी खंडोबावरची 'जय मल्हार' ही मालिका सुरू होती तेव्हा संध्याकाळी सातनंतरचा विषय बहुधा ठरलेला असे. म्हाळसा आज काय बोलली? बानूचं पुढं काय होणार? मणी-मल्ल हे दैत्य राहिले बाजूला. कट्ट्यावरचे जाणते वैतागत, "देव राक्षस मारायला आलाय की बायकांची समजूत काढायला?" आणि घरातून उत्तर येई, "दोन्हीला की!"

हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुष्टांचा काळ होऊन आलेल्याला मैत्री, प्रेम, रुसवे-फुगवे लागतात का, हाच त्यातला खरा प्रश्न.

मालिका कोणती, वाद कसला

महेश कोठारे यांच्या निर्मितीसंस्थेची 'जय मल्हार' झी मराठीवर १८ मे २०१४ रोजी सुरू झाली आणि १५ एप्रिल २०१७ रोजी संपली. देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा, ईशा केसकर बानू. देवाचं काम करणारा नट तालमीतल्या पैलवानासारखा दिसतो, याचंच आधी सगळ्यांना अप्रूप वाटलं. मग मालिका घरात शिरली आणि प्रेक्षकांचे तट पडले.

एका तटाचं म्हणणं, देवाला माणसासारखा प्रेमात पाडून त्याचं तेज घालवलं. दुसरा म्हणे, कुलदैवत प्रथमच आपल्या ओळखीचं वाटलं. दुसऱ्या तटातही पुन्हा दोन फळ्या, एक म्हाळसेची आणि एक बानूची. सवतीचं दुःख ठाऊक असलेल्या आज्ज्या म्हाळसेच्या बाजूला आणि कॉलेजच्या पोरी बानूच्या, अशी सोपी वाटणी मात्र नव्हती. मेंढरं राखलेल्या घरातली म्हातारी बानूसाठी तावातावानं भांडायची.

मूळ कथेत लढाई किती?

मणी आणि मल्ल या दैत्य भावांनी ऋषींना छळलं, शंकरानं मार्तंडभैरवाचं रूप घेतलं आणि त्यांना मारलं, एवढीच युद्धकथा. मणी शरण आला, त्यानं आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवाजवळ जागा मिळवली. मल्लाचं शिर देवळाच्या पायरीशी गेलं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवसांचं नवरात्र आणि शेवटी चंपाषष्ठी, एवढ्यात युद्धाचा उत्सव आटोपतो.

आमच्याकडे त्या दिवशी चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं पुन्हा ताटात येतं, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि तळी भरली जाते. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवायचा. पुरुषमंडळींनी भोवती बसून, कडेला हात लावून, येळकोट करत ते उचलायचं. खोबरं-भंडारा उधळला की पोरं खोबऱ्याच्या तुकड्यांवर तुटून पडतात. मल्ल कसा मेला हे त्या वेळी कुणी विचारत नाही.

पुढं पौष पौर्णिमेला सातारा जिल्ह्यातल्या पालीत देवाचं लग्न लागतं. घरात लग्न झालं की वाघ्या-मुरळीला बोलावून जागरण घालतात. नवं जोडपं जेजुरीला जातं आणि नवरा नवरीला उचलून गडाच्या पायऱ्या चढतो. दैत्य मारणाऱ्या देवाकडे लोक मागणं मागतात ते संसाराचं.

म्हाळसा आणि बानू

म्हाळसा नेवाशाच्या तिम्मशेट या लिंगायत वाण्याची लेक, पार्वतीचा अवतार. बानाई धनगराची, चंदनपुरीची. काही कथांत ती पार्वतीची सखी जया असते, मागच्या जन्मीच्या वचनामुळे या जन्मी देवाला मिळालेली. हा धागा मालिकेसाठी फार सोयीचा, कारण त्यामुळं देवावरचा दोष आपोआप हलका होतो. लोककथा मात्र इतकी भिडस्त नाही. सारीपाटात खंडोबा म्हाळसेकडून हरतो, पणाप्रमाणे घर सोडतो आणि वेष पालटून बानूच्या घरी चाकरीला राहतो. मेंढरं धुवायला नेतो तेव्हा ती दगडावर आपटून मारतो. मग म्हणतो, मुलगी देत असाल तर जिवंत करतो! चक्क फसवणूक. देवाचं वागणं झाकून ठेवावं असं वाघ्या-मुरळीला कधी वाटलं नाही, उलट जागरणात लोक खुलतात ते याच ठिकाणी.

पुढं जेजुरीला दोघी समोरासमोर येतात. एकीकडे सोवळं-ओवळं, दुसरीकडे मेंढरांचा वास आणि मटण. तू मळकी, तुला जेवणाची रीत नाही, असं म्हाळसा म्हणते. बानूही गप्प बसणारी नाही. शेवटी तोडगा निघतो तो घरातल्या वाटणीसारखा. म्हाळसा गडावर देवाजवळ, बानाईचं देऊळ खाली चढणीच्या वाटेवर.

गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक धनगरांमध्ये आणि खंडोबाच्या यात्रांमध्ये वर्षानुवर्षं हिंडले. त्यांनी या दोघींकडे समाजाच्या दोन अंगांच्या रूपानं पाहिलं. म्हाळसा म्हणजे पेठेतला स्थिर व्यापारी समाज आणि बानू म्हणजे रानातला फिरता धनगर. काही ठिकाणी तर देवाला आणखी तीन बायका सांगतात, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई. ज्या समाजानं देवाला आपलं म्हटलं, त्यानं त्याला आपली लेक दिली. रा. चिं. ढेरे यांचं 'खंडोबा' १९६१चं आहे. ते वाचलेल्याला मालिकेतलं प्रेम पदरचं घुसडलेलं वाटणार नाही.

हेगडी, घोडा, कुत्रा

प्रेमाच्या गदारोळात मैत्री मागं पडली. हेगडी प्रधान हा देवाचा कारभारी. कुठं तो विष्णूचा अवतार, कुठं म्हाळसेचा भाऊ, म्हणजे मित्र आणि मेहुणा एकाच माणसात. देवाला चार गोष्टी सुनावण्याचा हक्क असलेला बहुधा हाच एक. सोबत मणीनं दिलेला घोडा आणि कुत्रा. वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आपल्या बाजूचा मैलार

आमच्या भागातल्या लोकांना खंडोबासाठी दर वेळी जेजुरी गाठावी लागत नाही. बेळगाव जिल्ह्यातच, कागवाड तालुक्यात, मंगसुळी हे मोठं ठाणं आहे आणि तिथं दोन्ही भाषांची माणसं भंडाऱ्यात सारखीच पिवळी होतात. आणखी खाली विजयनगर जिल्ह्यातल्या मैलारला हाच देव मैलारलिंग. तिथली गंगमाळव्वा म्हणजे आपली म्हाळसा, आणि कुरुबत्तेव्वा ही कुरुबांची लेक म्हणजे आपली बानू. माघ पौर्णिमेच्या सुमाराच्या यात्रेत गोरवय्या हा देवाचा सेवक उंच धनुष्यावर चढून वर्षाचं भाकीत एका वाक्यात सांगतो, त्याला कारणिक म्हणतात. सीमेवरून माणसं किती भांडोत, देवाच्या दोन्ही सासुरवाड्या दोन्हीकडे सारख्याच आहेत.

ज्योतिबाचं उदाहरण याच्या उलट आहे. कोठारेंचीच 'दख्खनचा राजा जोतिबा' २०२०मध्ये स्टार प्रवाहवर आली. हाही दैत्य मारणारा देव, चैत्रात बेळगावकडून बैलगाड्या जोडून लोक त्याच्या डोंगराला जातात. पण त्याच्या कथेत दोन घरांचा तंटा नाही, अंबाबाईच्या मदतीला धावून जाणं आहे. त्यामुळं त्या मालिकेवर बोलताना बायका तट पाडून बसल्या नाहीत.

परदेशातले शिकारी

अमेरिकेतही हाच वाद झडला. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' ही मालिका १९९७ ते २००३ चालली. तिच्या जगातला नियम असा की शिकारी मुलीनं एकटीनं लढायचं आणि तरुणपणीच मरायचं. बफी दोनदा मरते आणि दोन्ही वेळा तिला परत आणतात ते तिचे मित्र. 'सुपरनॅचरल' २००५ ते २०२० चालली, ३२७ भाग. सॅम आणि डीन हे भाऊ गाडीतून गावोगाव भुतं मारत फिरतात, घर म्हणून काही नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये कॅस्टिएल हा देवदूत डीनला आपलं प्रेम सांगतो आणि त्याच क्षणी नाहीसा होतो. डीनला भावाची सोबत पुरे होती की प्रेमही हवं होतं, यावर चाहते अजून भांडतात.

तिकडच्या शिकाऱ्याला प्रेम परवडत नाही, कारण ज्याच्यावर जीव जडेल तो मरणार हे ठरलेलं. आपला शिकारी शिकारीहून परत येतो तो "इतका वेळ कुठं होता?" हे ऐकायला.

या प्रेमाला काळी बाजूही आहे

देव प्रेमळ म्हणून सगळं गोड, असं मात्र नाही. मुरळी म्हणजे देवाशी लग्न लावून सोडलेली मुलगी. लहानपणी, तिला न विचारता. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'सोमवंशीय मित्र'मधून या प्रथेवर आघात केला. कर्नाटकात १९८२च्या देवदासी प्रतिबंधक कायद्यानं मुली देवाला सोडणं गुन्हा ठरलं. म्हाळसा रुसू शकत होती, बानू उलट बोलू शकत होती. मुरळीला त्यातलं काही मिळालं नाही. टीव्हीवरच्या गोड संसारावर बोलताना हे कुणी काढत नसे, आणि काढायला हवं होतं.

मग कोण बरोबर?

घरातून "दोन्हीला की" म्हणणारी बाई बरोबर होती. संसार काढून घेतला तर खंडोबाची गोष्ट सहा दिवसांत संपते आणि मागं उरतो तलवार घेतलेला आणखी एक देव. कट्ट्यावरच्यांचंही एक म्हणणं रास्त होतं. तीन वर्षं रोजचा भाग भरायचा म्हणून सवतींचा तंटा नको इतका ताणला गेला. माझी तक्रार वेगळी आहे. त्या वेळातला थोडा वेळ हेगडीला द्यायला हवा होता. देवाला दोन बायका आहेत, पण मित्र म्हणावा असा तो एकटाच.