भिंत गेली, सीमा राहिली

बर्लिनच्या भिंतीची कथा आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. १९६१ साली ती उभी राहिली आणि १९८९ साली तिचे दरवाजे उघडले. परंतु बर्लिन हे महानगर होते आणि महानगरात शेजारी शेजाऱ्याला ओळखतोच असे नाही. जेथे प्रत्येक घर प्रत्येक घराला ओळखते, जेथे सकाळी कोणाच्या धुराड्यातून धूर निघाला नाही हेही ध्यानात येते, अशा खेड्याच्या मधोमध भिंत घातली तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे असेल तर राजधानी सोडून म्योड्लारॉइट या गावी जावयास हवे.

हे गाव ते केवढे! वस्ती पन्नासच्या आसपास. बव्हेरिया आणि थुरिंजिया या दोन प्रांतांच्या सीमेवर ते वसले असून टानबाख नावाचा ओढा त्याच्या मधून वाहतो. ओढा असा की धडधाकट माणसाने एका उडीत ओलांडावा. या ओढ्यालाच १८१० साली सीमेचा मान मिळाला. एका काठाला बव्हेरियाचे राज्य, दुसऱ्या काठाला रॉइस नावाचे चिमुकले संस्थान. दोन्ही राजवटींची आद्याक्षरे कोरलेले दगड काठाकाठाने रोवण्यात आले आणि राज्यकर्त्यांचे समाधान झाले.

गावकऱ्यांनी मात्र त्या दगडांची फारशी दखल घेतली नाही. शाळा आणि खानावळ थुरिंजियाच्या बाजूला होती. तेथे दोन्ही काठांची मुले शिकत आणि दोन्ही काठांचे बापे संध्याकाळी बसत. रविवारच्या प्रार्थनेसाठी सारा गाव बव्हेरियातील ट्योपेन या शेजारच्या गावच्या चर्चमध्ये जाई. १९१८ साली दोन्हीकडचे राजेपद संपुष्टात आले, तरी रेषा तीच राहिली आणि गावही तेच राहिले. शंभराहून अधिक वर्षे ही सीमा कोणाच्या पायाला टोचली नाही, हे या इतिहासातील पहिले ध्यानात ठेवण्याजोगे सत्य होय.

दुसरे महायुद्ध संपले आणि विजेत्यांनी जर्मनीची वाटणी करताना जुन्या प्रांतसीमाच प्रमाण मानल्या. थुरिंजिया सोव्हिएत विभागात गेला, बव्हेरिया अमेरिकन विभागात. १९४९ साली दोन जर्मन राष्ट्रे जन्माला आली, आणि एका उडीचा तो ओढा दोन जगांमधील सरहद्द ठरला. तरीही काही काळ परवाना दाखवून इकडून तिकडे जाता येत असे. मे १९५२ मध्ये पूर्व जर्मन सरकारने ती वाटही बंद केली. सीमेलगत दहा मीटरांचा नांगरलेला पट्टा, त्यामागे पाचशे मीटरांचा संरक्षित पट्टा आणि त्याहीमागे पाच किलोमीटरपर्यंत परवान्यावाचून प्रवेश नसलेला प्रदेश, अशी ही व्यवस्था होती. गावात प्रथम लाकडी फळ्यांचे कुंपण आले, मागाहून काटेरी तारा आल्या आणि १९६६ साली सुमारे ७०० मीटर लांबीची, ३.३ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. अमेरिकन सैनिक या गावाला 'छोटे बर्लिन' म्हणू लागले ते यामुळेच.

भिंतीहूनही अधिक अस्वस्थ करणारी एक गोष्ट १९५२ च्या त्या उन्हाळ्यातच घडून गेली होती. राजवटीला ज्यांचा भरवसा वाटत नव्हता अशा ८,००० हून अधिक माणसांना सीमेलगतच्या गावांतून घरदार सोडावयास लावून दूर अंतर्भागात हलविण्यात आले. थुरिंजियात या मोहिमेला जे सांकेतिक नाव देण्यात आले त्याचा अर्थ 'कीड' असा होतो. ही माणसे कालपर्यंत कोणाचे तरी शेजारी होती. कागदावर माणसाची कीड झाली की त्याला हुसकावून लावणारा हात कचरत नाही. भिंतीचे पहिले दगड शब्दांचे असतात, काँक्रीट मागाहून येते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

त्यानंतरच्या जीवनाची कल्पना करणे कठीण आहे. पश्चिमेकडील गावकरी आपल्या अंगणातून पलीकडची घरे पाहू शकत. त्यांच्याकडे प्रवाशांच्या झुंडी येत आणि १९८३ साली अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश हेही ती भिंत पाहून गेले. पूर्वेकडील गावकऱ्याला मात्र पलीकडून कोणी हात हलविला तर प्रत्युत्तरादाखल हात हलविण्याचीही मनाई होती. भाऊ दिसतो आहे पण त्याला ओळख द्यावयाची नाही! १९७३ साली एका माणसाने शिडीच्या साहाय्याने ही भिंत ओलांडून पलीकडे पळ काढला. बाकीच्यांनी खिडकीतून दिसणारे परके जग पाहत दिवस काढले.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झाली. म्योड्लारॉइटला आणखी एक महिना वाट पाहावी लागली. ९ डिसेंबर रोजी तेथे पायी जाणाऱ्यांसाठी वाट उघडली आणि १७ जून १९९० रोजी यंत्र लावून भिंत पाडण्यास आरंभ झाला. सुदैवाने कोणाला तरी वेळीच सुचले आणि भिंतीचा एक भाग, टेहळणीच्या मनोऱ्यासह, राखून ठेवण्यात आला. तेथे आज संग्रहालय आहे.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. भिंत गेली तरी सीमा राहिली आहे. गावाचा एक भाग आजही बव्हेरियातील ट्योपेन ग्रामपालिकेत आहे, दुसरा थुरिंजियातील गेफेल या नगरात. दोन नगराध्यक्ष, दोन टपाल क्रमांक, दूरध्वनीचे दोन संकेतांक. ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणेच्या स्मरणार्थ थुरिंजियाच्या काठाला सुटी असते. बव्हेरियाच्या काठाला ती दुसऱ्या दिवशी, सर्व संतांच्या सणानिमित्त मिळते. एका काठावर 'ग्र्यूस गॉट' म्हणून देवाच्या नावाने नमस्कार करतात, तर दुसऱ्या काठावर साधे 'गूटन टाख' म्हणतात.

बाहेरून येणाऱ्यास हे हास्यास्पद वाटते. एवढे सोसल्यावर या गावाला एक करून का टाकू नये, असा प्रश्न तो विचारतो. प्रश्न सद्‌भावनेचा असला तरी त्यात इतिहासाचे वाचन उणे आहे. या गावाचा छळ रेषेने केला नाही. रेषा १८१० पासून होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी मुले एका बाकावर बसत होती. छळ केला तो रेषा ओलांडण्यास गुन्हा ठरविणाऱ्या सत्तेने. कारभाराच्या सोयीसाठी सीमा आखाव्याच लागतात. दोन काठांना दोन सुट्या असल्याने कोणाचे काही बिघडत नाही. एका काठाचा माणूस दुसऱ्या काठाच्या माणसाकडे त्या दिवशी जेवावयास जाऊ शकतो की नाही, एवढाच खरा प्रश्न असतो.

मात्र एक हानी कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही. १९५२ साली जन्मलेले मूल वाट उघडली तेव्हा सदतीस वर्षांचे झाले होते. पलीकडच्या काठावर आपले समवयस्क आहेत हे त्याला ठाऊक होते, पण त्यांच्याशी तो कधी भांडला नव्हता की खेळला नव्हता. एकत्र शाळा, एकत्र प्रार्थना, एकत्र लग्नकार्ये यांतून जो गाव बनतो तो पुन्हा उभारावयास आणखी एक पिढी लागते. काँक्रीट एका दिवसात फोडता येते, परंतु अनोळखीपण सावकाशच वितळते.

सीमेवर दगड रोवणारे राजे गेले, भिंत बांधणारे सरकारही गेले. ओढा मात्र पूर्वीइतकाच अरुंद आहे आणि आता तो ओलांडणाऱ्याला कोणी हटकत नाही. सीमांचे प्रश्न निघाले की आपली दृष्टी नकाशावरील रेषेवर खिळते. ती रेषा ओलांडणाऱ्या माणसाचे काय होते, हे आधी विचारण्याची सवय म्योड्लारॉइटकडून घेता येईल.