घरात कुणाकुणाचा घोळणा फुटतो?



आमच्या सासरी घोळणा फुटणे हा आजार मानलाच जात नव्हता. सासूबाईंचा फुटायचा, आमच्या यजमानांचा फुटायचा, धाकट्या नणंदेचा तर आठवड्यातून दोनदा. "आमच्या अंगातच उष्णता आहे," असे सासूबाई म्हणत. अलिबागकडे असताना त्या कांदा हुंगायला देत, डोक्यावर गार पाणी घालत. इथे बेर शेव्याला आल्यावरही तेच चालू राहिले. मी शिकलेली नर्स, पण मीही मान डोलावली. नणंदेचे हिमोग्लोबिन कायम कमी असे. बाईमाणसाचे असतेच, असे समजून मी तिला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देत राहिले. तिच्या ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके होते. ते मी रोज पाहत होते.

2011 च्या हिवाळ्यात तिने दाढ काढली. काही आठवड्यांनी ताप आला, डोके दुखू लागले, मग उजवा हात उचलेना. मेंदूत गळू झाले होते. शस्त्रक्रिया करून पू काढला आणि कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक चालले. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या ओठावरचा ठिपका दाबून पाहिला. तो फिका झाला आणि पुन्हा लाल झाला. बाहेर येऊन त्यांनी विचारले, "तुमच्या घरात कुणाच्या नाकातून रक्त येते?" आम्हाला हसूच आले. "कुणाच्या येत नाही ते विचारा," हे म्हणाले. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत.

या आजाराचे नाव हेरिडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया; थोडक्यात एचएचटी. फ्रान्सच्या रांद्यू यांनी 1896 मध्ये आणि ऑस्लर यांनी 1901 मध्ये त्याचे वर्णन केले. साधारण पाच हजारांत एकाला तो असतो. तो कुठल्या एका समाजाचा नाही.

नाकातले रक्त आणि मेंदूतले गळू यांचा संबंध काय, हे समजायला रक्तवाहिनीच्या आत डोकवावे लागते. शाळेत शिकलेल्या रोहिणी आणि नीला आठवा. रोहिणीतून रक्त जोराने येते, केसाहून बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यात पसरते, तिथे त्याचा जोर मोडतो, आणि मग ते नीलेतून परत जाते. कोकणातल्या वाडीत पाटाचे पाणी लहान लहान वाटांनी प्रत्येक माडाच्या आळ्यात शिरते, तसेच. एचएचटीमध्ये काही ठिकाणी मधले जाळेच नसते. पाट सरळ ओढ्याला मिळतो. रोहिणीचा सगळा जोर नीलेच्या पातळ भिंतीवर येतो. भिंत फुगते, आणि नाकासारख्या नाजूक जागी जराशा धक्क्याने फुटते.

असे का होते? सगळ्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. त्यांना एंडोथेलियल पेशी म्हणतात. नवी वाहिनी कधी वाढवायची आणि कधी थांबायचे, हे या पेशी ठरवतात. "आता थांबा, स्थिर राहा" हा निरोप बीएमपी-9 नावाचे प्रथिन रक्तातून आणते. ते मुख्यतः यकृतात तयार होते. पेशीच्या पृष्ठभागावर तो निरोप घेणारी दोन प्रथिने आहेत: अल्क-1 आणि त्याला मदत करणारे एंडोग्लिन. ती तो निरोप स्मॅड नावाच्या प्रथिनांकडे देतात, आणि ती पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचवतात. एंडोग्लिनच्या जनुकातला दोष 1994 मध्ये सापडला, अल्क-1 चा 1996 मध्ये. बहुतेक कुटुंबांत या दोनपैकी एक बिघडलेले असते. निरोप नीट पोहोचला नाही की पेशी वाढत राहतात आणि वाहिनी वेडीवाकडी होते.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी आजार येतो, म्हणून प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. मग सगळ्या अंगभर का होत नाही? त्वचेवरच्या ठिपक्यांतील पेशी तपासल्यावर 2019 मध्ये दिसून आले की त्या जागी दुसरी, चांगली प्रतही नंतर बिघडलेली असते. म्हणून एकाच घरात एकाला नुसता घोळणा, तर दुसऱ्याला फुफ्फुसात दोष असू शकतो.

आता गळूचे कारण. फुफ्फुसातल्या केशवाहिन्या रक्तासाठी चाळणीचे काम करतात. रक्ताच्या बारीक गाठी आणि जंतू तिथे अडतात. नणंदेच्या फुफ्फुसात एक वाहिनी चाळणी टाळून सरळ पुढे जात होती. दाढेचे जंतू त्या वाटेने मेंदूत पोहोचले. नंतर डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी फुफ्फुसापर्यंत नेली आणि तारेच्या गुंडाळ्या घालून ती वाट बंद केली. आज ती स्वतः बाजारहाट करते. हात थोडा कमजोर राहिला आहे.

मग आमची सर्वांची तपासणी झाली. यजमानांची फुफ्फुसे स्वच्छ निघाली. मुलाला दोष नाही. मुलीला आहे, आणि तिच्या फुफ्फुसातली वाट ती गरोदर राहण्याआधी बंद करता आली. फुफ्फुसातला असा दोष गरोदरपणात जिवावर बेतू शकतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

तुमच्या घरी हे चार प्रश्न विचारा. वारंवार आपोआप घोळणा फुटतो का? ओठ, जीभ, नाक किंवा बोटांवर लाल ठिपके आहेत का? फुफ्फुस, यकृत, मेंदू किंवा आतड्यांत रक्तवाहिन्यांचा दोष सापडला आहे का? आईवडील, भावंडे, मुले यांपैकी कुणाला हा आजार आहे का? तीन उत्तरे "हो" असतील तर निदान पक्के मानतात. दोन असतील तरी कुपत होलीमच्या डॉक्टरांकडे जा आणि एचएचटीचे नाव घेऊन बोला. फुफ्फुसासाठी बुडबुडे सोडून केलेली इकोकार्डिओग्राफी पुरते. घरातला जनुकदोष ठाऊक असेल तर बाकीच्यांना रक्ततपासणीने कळते.

फुफ्फुसात दोष असेल तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा. काम करण्यापूर्वी अँटिबायोटिक लागते. सलाईन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहू नये, हे नर्सला सांगायला लाजू नका. हिमोग्लोबिन आणि लोह नियमित तपासा.

आणि घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटे घट्ट धरा, तोंडाने श्वास घ्या. अर्ध्या तासात थांबले नाही तर 101 ला फोन करा.

पुढच्या मलिद्याला चार पिढ्या एकत्र बसल्या की कुणाकुणाचा घोळणा फुटतो ते विचारा आणि नावे कागदावर लिहून घ्या. सासूबाई होत्या तेव्हा मी विचारले नाही.