सूत्र एकच, स्फटिक वेगळे

भंडारा जिल्हा भातासाठी प्रसिद्ध असला, तरी भूगर्भशास्त्राचे अभ्यासक त्याला कायनाइट आणि सिलिमनाइट या खनिजांसाठीही ओळखतात. लाखनी तालुक्यातील पोहरा परिसर याच पट्ट्यात येतो. दोन्ही खनिजांचे रासायनिक सूत्र एकच आहे. ॲल्युमिनिअम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाणही तेच. तरीही कायनाइट निळसर आणि पात्यासारखे, तर सिलिमनाइट सुयांसारखे किंवा तंतुमय असते.

हा फरक अणूंच्या मांडणीतून येतो. स्फटिकात अणूंचा एक ठरावीक नमुना सर्व दिशांना पुन्हापुन्हा येतो. त्या नमुन्याची सममिती, म्हणजे बाजू आणि कोन यांचे नाते, पाहून स्फटिकांचे सात गट केले जातात. मिठाचा स्फटिक घनीय आहे: बाजू समान, सगळे कोन काटकोन. सिलिमनाइट समचतुर्भुजी आहे: कोन काटकोनच, पण तिन्ही बाजू असमान. कायनाइट त्रिनताक्ष आहे: बाजू असमान आणि कोनही तिरके. ही आतली रचना क्ष-किरणांनी तपासता येते, हे १९१२ मधील माक्स फॉन लावे यांच्या प्रयोगाने दाखवून दिले.

रचना बदलली की गुणही बदलतात. कायनाइटवर लांबीच्या दिशेने चाकूचा ओरखडा उमटतो, आडव्या दिशेने सहसा उमटत नाही. त्याचे अणू अधिक दाटीने बसलेले असतात. त्यामुळे सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे म्युलाइटमध्ये रूपांतर होताना ते बरेच फुगते. पोलादाच्या भट्टीच्या विटेत कच्चे कायनाइट जास्त वापरले, तर वीट तडकू शकते. म्हणून ते आधी भाजून घेतात. सिलिमनाइट तुलनेने कमी फुगते.

माणसाच्या फुफ्फुसालाही हा भेद जाणवतो. क्वार्ट्झसारख्या स्फटिकी सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली, तर सिलिकोसिस होतो. ही धूळ कर्करोगकारकही मानली जाते. अस्फटिकी सिलिकाचा धोका त्या मानाने बराच कमी असतो. भाताच्या तुसाच्या राखेत दोन्ही रूपे आढळू शकतात. तूस कमी तापमानात जळाले, तर राखेतील सिलिका मुख्यतः अस्फटिकी राहते; फार तापले, तर ती स्फटिकी होऊ लागते. सिलिकोसिसवर बरे करणारा उपचार नाही. म्हणूनच दगड फोडताना किंवा राख हाताळताना पाणी मारून धूळ बसवणे आणि योग्य मास्क वापरणे, हाच खरा बचाव.