चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची : मेबॅक मोटार आणि रावेन्सबुर्गचे श्पोन

आजचा विषय जर्मनीतला आहे, पण तो समजून घ्यायला लातूरपासूनच सुरुवात करू. आपल्याकडे नवा ट्रक घेतला की अनेकदा नुसती चासी हातात येते. म्हणजे इंजिन, चाकं, लोखंडी सांगाडा आणि फार तर केबिन. मग ती जाते बॉडीवाल्याकडे. तिथे सुतार, वेल्डर, पेंटर मिळून हौदा बांधतात, फाळका बसवतात, रंग देतात. मग पासिंग होतं आणि एमएच-२४ ची पाटी लागते. ट्रकवर नाव मात्र चासीवाल्या कंपनीचं!

शंभर वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्यात महागड्या मोटारी अशाच तयार व्हायच्या. रोल्स-रॉइससुद्धा त्या काळी चासीच विकायची. बॉडी कुणाकडून बांधून घ्यायची, हे गिऱ्हाईक ठरवायचं.

आता कोल्हापूरचा शाही दसरा आठवा. छत्रपती घराण्यातली मंडळी दसरा चौकात सोनं लुटण्याच्या सोहळ्याला येतात ती एका जुन्या, ऐटदार मोटारीतून. ती मेबॅक. संस्थानकाळातली ही जर्मन गाडी महाराष्ट्रात हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. मेबॅक हे नावही पुष्कळांना माहीत असतं. पण या मेबॅकच्या बॉड्या बांधायचं कोण?

विमानाच्या इंजिनातून मोटारीकडे

विल्हेल्म मेबॅक हे डाइमलर कंपनीतले नामांकित अभियंते. पहिल्या मर्सिडीजची रचना त्यांचीच. १९०९ मध्ये त्यांनी आणि मुलगा कार्ल यांनी झेपेलिन हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवणारी कंपनी काढली. पुढे ती कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या फ्रीड्रिक्सहाफेनला गेली. पहिलं महायुद्ध जर्मनी हरला आणि व्हर्सायच्या तहाने विमानांच्या इंजिनांवर बंदी आली. हातात कसबी कामगार होते, पण काम नव्हतं. म्हणून मेबॅक मोटारीकडे वळले. १९२१ मध्ये त्यांची डब्ल्यू-३ बर्लिनच्या प्रदर्शनात आली. चारही चाकांना ब्रेक असलेली ही जर्मनीतली पहिली गाडी मानतात. पुढे झेपेलिन नावाचं बारा सिलिंडरचं मॉडेल निघालं. त्यातलं मोठं इंजिन आठ लिटरचं, २०० अश्वशक्तीचं.

पण मेबॅक देत होते ती चासीच. तिथून जेमतेम २० किलोमीटरवर रावेन्सबुर्ग गावात हेर्मान श्पोन यांचा बॉडीचा कारखाना होता. बर्लिनचे एर्डमान उंड रोसी, ड्रेस्डेनचे ग्लेझर हेही मेबॅकवर बॉडी बांधत. तरी बहुतेक मेबॅक श्पोनकडेच सजल्या.

बॉडी बांधायची कशी?

आधी कागदावर चित्र. गिऱ्हाइकाने पसंत केलं की लाकडी सांगाडा. त्यासाठी ॲश नावाचं चिवट, लवचीक लाकूड वापरत. त्यावर पत्रा चढायचा, आणि प्रत्येक वळण हातोडीने ठोकून आणायचं. मग रंगाचे थरावर थर, प्रत्येक थर वाळवून, घासून. शेवटी आत चामड्याच्या गाद्या. एका गाडीला कित्येक महिने लागत. बॉडीसकट मोठी झेपेलिन तीन टनांच्या घरात जाई.

श्पोन नुसते जुन्या वाटेने गेले, असंही नाही. पॉल याराय नावाचा अभियंता होता. गाडीला वारा कसा कापता येईल, याचा अभ्यास करणारा. त्याच्या कल्पनेतल्या गुळगुळीत, घसरत्या पाठीच्या बॉड्या श्पोननी १९३० च्या दशकात मेबॅकच्या चासीवर प्रत्यक्ष उतरवून दाखवल्या.

मग हा धंदा गेला कुठे?

कौशल्य कमी पडलं म्हणून गेला नाही. पायाखालची चासीच गेली! पोलादी पत्रा मोठ्या प्रेसखाली दाबून बॉडी काढायचं तंत्र आलं. त्याचे साचे फार महाग, पण हजारो गाड्या काढल्या की परवडतात. १९३५ मध्ये ओपेल ऑलिम्पिया आली. तिला वेगळी चासीच नव्हती, बॉडी हाच सांगाडा. आता बॉडीवाल्याने बांधायचं कशावर?

त्यात दुसरं महायुद्ध आलं. मेबॅकची इंजिनं रणगाड्यांत गेली. मोटारी एकूण साधारण १८०० च झाल्या होत्या. युद्धानंतर कंपनीने त्या पुन्हा काढल्याच नाहीत. श्पोन काही वर्षं तगले. व्हेरिटास या छोट्या कंपनीच्या गाड्यांना बॉड्या दिल्या. जर्मनीत असलेल्या अमेरिकन सैनिकांना त्यांच्या हौसेप्रमाणे शेपट्या, पंख लावून गाड्या सजवून दिल्या. १९५५ मध्ये गेलॉर्ड नावाच्या अमेरिकन गाडीचा नमुनाही बांधला. १९५७ मध्ये मात्र कारखाना बंद झाला.

याच्या उलट ओस्नाब्रुकचे कारमान बघा. तेही बॉडीवालेच. पण १९४९ पासून फोक्सवॅगनच्या बीटलची उघड्या टपाची आवृत्ती ते कारखानदारी पद्धतीने काढू लागले, आणि त्यावर कित्येक दशकं टिकले. अखेर २००९ मध्ये त्यांचंही दिवाळं निघालं. म्हणजे मार्ग वेगळा, पण दोरी दुसऱ्याच्याच हातात.

हे आपल्याला का सांगतोय? कारण आपल्याकडेही आता हौद्यासकट तयार ट्रक कारखान्यातून येतात, आणि ट्रकच्या बॉडीसाठी सरकारी मानकं लागू झाली आहेत. आपल्या हरंगुळच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातसुद्धा डब्याचं कवच हाच त्याचा सांगाडा असतो. रस्त्याकडेच्या शेडमधल्या कारागिराचा हात चांगला आहे, यात शंका नाही. श्पोनच्या माणसांचाही होता. पण ज्याचं काम दुसऱ्याच्या चासीवर उभं असतं, त्याने हातोडीइतकीच नजर त्या चासीवर ठेवावी लागते. पुढच्या दसऱ्याला मेबॅक पाहाल तेव्हा बॉनेटवरचं नाव वाचून थांबू नका. दाराच्या वळणावरून नजर फिरवा. ते वळण कुणीतरी हातोडीने आणलेलं आहे, आणि त्याचं नाव गाडीवर नाही.

इथे थांबतो.