सायकल आली, पोशाखाचे काय?

इंदूर ही कापडाची पेठ. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटपासून शीतलामाता बाजारापर्यंत हिंडले, तर लग्नाच्या शालूपासून तान्ह्या बाळाच्या झबल्यापर्यंत हवे ते मिळते. मात्र सायकल चालविणाऱ्या स्त्रीने आपल्या मापाचा व पसंतीचा पोशाख मागितला, की बहुधा पुरुषी कपड्याचाच लहान आकार पुढे येतो. फार तर त्याला गुलाबी पट्टा जोडलेला असतो. तक्रार वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु हौसेने घेतलेली सायकल पुढे ओसरीतच का उभी राहते, याचे एक कारण तीत दडलेले आहे.

स्त्री, सायकल आणि वस्त्र यांचा तंटा जुना आहे. 1885 साली जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल निघाली आणि हे सुटसुटीत वाहन स्त्रियांच्याही आवाक्यात आले. पण पायघोळ झगा चाकात अडके. म्हणून काही इंग्रज स्त्रियांनी घोळदार विजार पत्करली. तशा वेषातील लेडी हार्बर्टन यांना 1898 साली सरे परगण्यातील एका हॉटेलच्या कॉफीगृहात प्रवेश नाकारण्यात आला. पुढील वर्षी खटला उभा राहिला, तेव्हा हॉटेलची मालकीणच निर्दोष ठरली!

आपल्याकडे नऊवारीचा कासोटा पाय मोकळे ठेवी. मराठे घराण्यांतील स्त्रिया त्या वेषात घोड्यावर मांड ठोकीत. गिरगावातील पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून मोटारसायकल हाकणाऱ्या तरुणी आजही तेच सिद्ध करतात. पुढे पाचवारी साडी रूढ झाली. पायघोळ झग्यासाठी बदललेली सायकल तिलाही सोयीची ठरली : मधला दांडा खाली उतरला, साखळीवर पूर्ण चेनकव्हर चढले आणि मागील चाकाला जाळी लागली. यंत्र वस्त्राशी जुळवून घेऊ शकते, याचा हा उत्तम दाखला.

आजच्या गिअरच्या सायकलींना सहसा ना चेनकव्हर असते, ना जाळी. ओढणी आणि सलवारीचा घेर पुन्हा धोक्यात आले आहेत. दुसरा मार्ग म्हणजे अंगाला चिकटून बसणारी, आत गादी शिवलेली तोकडी विजार. लांब पल्ल्याला ती सोयीची खरी. पण तीतील गादीही स्त्रीच्या बैठकीस जुळणारी हवी, कारण तिच्या कटीची हाडे सामान्यतः अधिक रुंद असतात. खांद्यावरून पट्टे घेतलेली विजार तर वाटेत प्रसाधनगृह गाठावे लागले, की निम्मा पोशाख उतरविण्यास भाग पाडते. शिरस्त्राणातही वेणीला वा अंबाड्याला जागा क्वचितच ठेवलेली असते.

चाकात अडकणारे आणि अंगाला चिकटणारे, या दोहोंमध्ये तिसरे काही सहजी मिळत नाही. पन्नाशीच्या गृहिणीला किंवा सासरी नव्याने रुळणाऱ्या सुनेला दोन्ही नको असतात. मग आपण तिला भित्री ठरवून मोकळे होतो. तिला भीती सायकलची नसते. तिला लोकांच्या नजरेचा किंवा साखळीचा, यांपैकी एक जाच निवडावा लागतो.

वास्तविक हे तिसरे वस्त्र शिवणे कठीण नाही. गुडघ्याच्या वर थांबणारा, दोन्ही बाजूंना चिरा असलेला सुती कुडता. पाठीमागे रुमाल व किल्ल्या राहतील असे दोन खिसे. घोट्याशी निमुळती, बटणाने आवळता येणारी विजार. आत वेगळी घालता येईल अशी गादीची चड्डी. आणि अंधारात दिव्याच्या उजेडाने चमकणारी पट्टी. ओढणीला येथे रजा द्यावी. एवढे आपल्या गल्लीतील शिंपीदादांनाही जमेल. महिला मंडळांनी दोन-तीन नमुने बेतून शिवून पाहावेत, त्यांत चार मैल फिरून दोष काढावेत आणि मग ते तयार कपड्यांच्या व्यापाऱ्यांपुढे ठेवावेत. मागणी दिसली, की व्यापारी कापड कापायला उशीर लावीत नाही.