माळरानाचा नाद आणि पत्त्यांचा डाव

पत्त्यांचा डाव हा मूळचा थोड्या आवाजाचा खेळ. पिसतांना होणारी फडफड, पान टाकल्याची थाप आणि खेळणारांची वादावादी एवढाच काय तो त्याचा नाद. आणि त्यांतही वादावादीचाच भाग मोठा. हाच डाव भ्रमणध्वनीच्या कांचेवर आला म्हणजे मात्र तो अगदीं मुका होतो. तेथें कागद नाहीं, सतरंजी नाहीं, समोर चिडणारा भिडूही नाहीं. जो कांहीं आवाज ऐकूं यावयाचा, तो कोणी तरी विचारपूर्वक योजावा लागतो. ही योजना कशी होते हें आज पाहावयाचें आहे. उदाहरणासाठीं मीं ‘वेस्टर्न’ धाटणीचा, म्हणजे घोडेस्वार, पिस्तुलें, उजाड माळ आणि दारूचा गुत्ता अशा वातावरणांतला पत्त्यांचा खेळ घेतला आहे. असे खेळ खरोखरच आहेत. ‘हार्थस्टोन’ हा २०१४ सालीं निघालेला अमेरिकन पत्त्यांचा व्हिडिओ-खेळ. त्याची ‘शोडाउन इन द बॅडलँड्स’ नांवाची वेस्टर्न पुरवणी नोव्हेंबर २०२३ मध्यें प्रसिद्ध झाली. या खेळांत पानांवरील पात्रें पटावर उतरतांना बोलतात, हल्ला करतांना ओरडतात आणि मरतांनाही कांहीं ना कांहीं म्हणतात. पान हें तेथें केवळ पान राहत नाहीं, तें नाटकांतलें पात्र होतें.

प्रथम पानाच्याच आवाजाकडे वळूं. एका बैठकींत खेळणारा शेंकडों वेळां पान उचलतो आणि टाकतो. तोच एक आवाज शेंकडों वेळां कानीं पडला तर कान विटतो, आणि हें सारें यंत्र आहे हें मनाला तत्काळ कळतें. म्हणून पान टाकण्याचा एक आवाज न घेता आठ-दहा वेळां निरनिराळे आवाज मुद्रित करतात, आणि दर वेळीं संगणक त्यांतला एक निवडून त्याची पट्टी किंचित वरखालीं करतो. तबलजी ‘धा’ हा बोल दर आवर्तनांत वाजवितो, पण कोणतेही दोन ‘धा’ तंतोतंत सारखे नसतात. तोच जिवंतपणा येथें हिशेबानें आणावयाचा. पान कशाचें आहे यालाही महत्त्व आहे. गुत्त्यांतल्या मळक्या, वाकलेल्या पानांचा आवाज मऊ आणि जड. नव्या प्लास्टिकच्या पानांचा टणक. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाचीं गोल, लाखेचा लेप दिलेलीं पानें एकमेकांवर पडलीं तर होणारा खटका आणखी वेगळा. ध्वनियोजकानें खरीं पानें हातांत घेऊन हें ऐकलें पाहिजे. घोड्याच्या टापा मात्र घोड्यावांचूनही साधतात. नारळाच्या दोन करवंट्या मातींत आपटून त्या काढण्याची युक्ति नभोनाट्यांत आणि बोलपटांत फार जुनी आहे.

आतां संगीत. अमेरिकेच्या पश्चिमेचें संगीत म्हणून आपण जें ओळखतों, तें फारसें तिकडचें नाहीं, ही मौजेची गोष्ट आहे. मोकळ्या माळाचा भास देणारी स्वरांची विरळ मांडणी रूढ करण्यांत ॲरन कोपलंड यांचा वांटा मोठा. ‘बिली द किड’ (१९३८) आणि ‘रोडिओ’ (१९४२) या त्यांच्या नृत्यनाट्यांचें संगीत प्रसिद्ध आहे. पण ते स्वतः जन्मले न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या दाट वस्तींत. त्यांच्या मांडणींतला एक विशेष म्हणजे षड्ज व पंचम ठेवून मधला गांधार गाळणें. अमेरिकन माणसाला त्यांत क्षितिज दिसतें. आपल्याला तंबोरा आठवेल! पुढें एन्निओ मोर्रिकोने या रोमच्या संगीतकारानें शीळ, चाबूक, घंटा, मोरचंग आणि विजेची गिटार घेऊन दुसराच नाद घडविला. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) या चित्रपटांत कोल्ह्याच्या भाईबंदाची, म्हणजे कायोटीची, ओरड सुचविणारी एकच लहानशी सुरावट तीन नायकांना तीन निरनिराळ्या आवाजांत दिली आहे: एकाला बांसरी, दुसऱ्याला ओकारिना, तिसऱ्याला मानवी कंठ. चित्रपट इटालियन, बहुतेक चित्रण स्पेनमधलें. पत्त्यांच्या खेळाला ही युक्ति फार उपयोगी पडते, कारण सारी चाल वाजविण्यास तेथें सवड नसते. दोन स्वरांत पान ओळखूं आलें पाहिजे.

आपल्याकडील नमुना म्हणजे १५ ऑगस्ट १९७५ रोजीं प्रदर्शित झालेला ‘शोले’. संगीत राहुल देव बर्मन यांचें, ध्वनिमिश्रण मंगेश देसाई यांचें, आणि जयच्या तोंडचा माउथ-ऑर्गन वाजविला भानु गुप्त यांनीं. परंतु माझ्या मतें त्यांतला खरा अभ्यासाचा भाग गाण्यांत नाहीं. ठाकुराच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगीं रिकाम्या झोपाळ्याची करकर, आणि गब्बरच्या प्रवेशाला खडकावर घासत जाणारा त्याचा पट्टा, हे दोन आवाज ज्यानें ऐकले त्याला संगीत कोठें थांबवावें हें शिकविण्याची गरज उरत नाहीं. पान उलटण्यापूर्वीचा क्षण असाच उघडा ठेवावा लागतो.

चित्रपट आणि खेळ यांत एक मोठा भेद आहे. चित्रपटाला लांबी ठरलेली असते. खेळणारा मात्र एका चालीवर अर्धा मिनिट विचार करील किंवा दहा मिनिटें. यावर तोड म्हणून संगीत थरांनी रचतात. ‘रेड डेड रिडेम्प्शन’ (२०१०) या वेस्टर्न खेळांत, ज्यांत पोकरचें टेबलही आहे, बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनीं बहुतेक सारें संगीत मिनिटाला १३० ठोक्यांच्या एकाच लयींत आणि ए-मायनर या एकाच स्वरसप्तकांत बांधलें. त्यामुळें कोणताही थर केव्हांही चढविला किंवा उतरविला तरी बेसूर होत नाहीं. धोका वाढला कीं ढोल येतो, टळला कीं एकटी गिटार उरते.

येथें एक प्रश्न मनांत येतो. वेस्टर्नचा नाद जर ब्रुकलिन, रोम आणि स्पेन येथें घडूं शकतो, तर तो पारनेर तालुक्यांत कां घडूं नये? राळेगणसिद्धीचा विचार करा. पर्जन्यछायेंतला उजाड प्रदेश, १९७२ चा दुष्काळ, गांवांत हातभट्ट्या, आणि १९७५ सालीं, म्हणजे ‘शोले’च्याच वर्षीं, फौजेंतून परत आलेला एक माणूस. वेस्टर्नचें कथानक याहून निराळें काय असतें? अण्णा हजारे यांच्या त्यानंतरच्या पाणलोटाच्या कामाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे; ध्वनियोजकाला त्यांत दोन भिन्न नादचित्रें मिळतात. पहिलें कोरड्या माळाचें: वारा, टिटवी, दूरची कोल्हेकुई, विहिरीवरील मोटेच्या चाकाची करकर. सेर्जिओ लेओने यांच्या १९६८ च्या चित्रपटाच्या आरंभीं पवनचक्की करकरते, तें काम हें चाक करील. मोरचंगाची जागा गोंधळ्याचें तुणतुणें घेईल, आणि झुंजीला धनगरांचा ढोल. दुसरें चित्र बांध अडल्यावरचें. तेथें आवाज वाढवावयाचे नाहींत, कोरडा वारा हळूहळू काढून घेऊन त्याखालीं पाण्याचा झरझर नाद ठेवावयाचा. डाव जिंकत गेला तसतसें हें व्हावें. विजयाची घंटा वाजविण्यापेक्षां तें अधिक खरें.

विजयाच्या घंटेविषयीं मात्र घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं थोडें जाणून घ्यावें. जुगाराच्या यंत्रांत दहा रुपये लावून चार परत मिळाले तरी दिवे लागतात आणि जयघोष होतो. वास्तविक सहा रुपये गेलेले असतात. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, अशा सजविलेल्या हारीला खेळणाराचें शरीर जवळजवळ जिंकल्यासारखाच प्रतिसाद देतें. त्वचेवरील घामाच्या सूक्ष्म फरकावरून त्यांनीं हें मोजलें. भारतांत ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनें केला. पण पैसे नसलेल्या खेळांतही मुलाला उठूं न देणारा आवाज योजतां येतोच. हारीला हारीचाच स्वर द्यावा, तो अपमान करणारा नसावा, आणि डाव संपल्यावर क्षणभर सारें शांत व्हावें, एवढें बंधन ध्वनियोजकानें स्वतःवर घातलें तर खेळाची गोडी कमी होत नाहीं.

शेवटीं परीक्षा. मुद्रणालयाच्या मोठ्या ध्वनिक्षेपकावर ढोल घुमतो आणि टापा छातींत वाजतात. पण बहुतेक माणसें हा खेळ भ्रमणध्वनीच्या बोटभर भोंग्यावर ऐकतात, आणि त्यांतून खर्जाचा भाग बाहेरच पडत नाहीं. म्हणून ढोलाच्या खर्जावर काठीचा टणत्कार मिसळावा लागतो. कान त्यावरून उरलेला ढोल मनांत पुरा करून घेतो. सर्व रचना अशा लहान भोंग्यावर, शेजारीं पंखा फिरत असतांना आणि स्वयंपाकघरांत कुकरची शिट्टी होत असतांना ऐकून पाहावी. त्या गलबल्यांत कोणतें पान पडलें हें डोळे मिटून सांगतां आलें नाहीं, तर आवाज पुन्हां मुद्रित करावयाचा.