नमुने पुण्याला पाठवलेत

कुठल्याशा तालुक्यात तापाची साथ येते, दोन-चार माणसं दगावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास असतं: रुग्णांचे नमुने तपासणीसाठी पुण्याला पाठवण्यात आले आहेत. हे वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की, पुण्याला म्हणजे नेमकं कुठे आणि तिथल्या माणसांना हे काम जमायला लागलं तरी कधी, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. तो पडायला हवा. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, उभी राहिली तेव्हा देश स्वतंत्र होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. मलेरिया, देवी, पटकी यांनी माणसं मरत होती. दवाखाने पुरत नव्हते, डॉक्टर पुरत नव्हते. अशा देशाने डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूंवर पैसा का घालवावा, असं कुणी विचारलं असतं तर ते चुकीचं ठरलं नसतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ साली पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू केलं. पीतज्वरावर काम करता करता रॉकफेलरच्या लोकांना डास आणि गोचिडींमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा माग लागला होता. ब्राझीलमधलं बेलेम, त्रिनिदादमधलं पोर्ट ऑफ स्पेन अशा ठिकाणी त्यांनी प्रयोगशाळा काढल्या. पुण्याची त्यांचीच बहीण. पीतज्वर भारतात कधी आढळला नव्हता, पण तो पसरवणारा डास घरोघरी होता. त्यामुळे धास्ती होती.

त्या सुरुवातीच्या काळात देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांचं रक्तजल गोळा करून, त्यात कोणत्या विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात हे तपासलं गेलं. स्मिथबर्न, कर आणि गटणे यांचा हा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्या यादीत डेंगी होता, वेस्ट नाइल होता आणि झिकासुद्धा होता. झिकाची प्रतिपिंडं काही नमुन्यांत आढळली. ती खरोखर झिकाची की त्याच्या भावंडांपैकी कुणाची, यावर पुढे शंका घेतल्या गेल्या. पण साथ येण्याआधी आपल्या मातीत काय काय दडलंय ते पाहून ठेवावं, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. २०२१च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा निदान याच संस्थेने केलं.

संस्थेची खरी परीक्षा मात्र पाचव्याच वर्षी झाली. १९५७च्या मार्चमध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरं आणि माकडं मरून पडू लागली. आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणत होती, काहींना रक्तस्राव होत होता. माकडं मरतात आणि पाठोपाठ माणसं आजारी पडतात, हे तर पीतज्वराचं लक्षण. ज्याची भीती होती तेच आलं, असंच सगळ्यांना वाटलं. टेलफर्ड वर्क तेव्हा संस्थेचे संचालक होते. पुण्याची मंडळी जंगलात उतरली. मेलेल्या माकडांचे अवयव, रुग्णांचं रक्त आणि गोचिडी असं सगळं गोळा झालं. पालापाचोळ्यावरून फ्लॅनेलचं कापड ओढत न्यायचं, मग ते उलटून त्याला चिकटलेली खसखशीएवढी गोचिडीची पिल्लं चिमट्याने वेचायची, असं ते काम. दिवस दिवस वाकून, आणि त्याच गोचिडी आपल्यालाही चावतील हे ठाऊक असताना.

पुण्यात पुढचं काम उंदरांच्या पिल्लांवर व्हायचं. एक-दोन दिवसांची पांढरी पिल्लं घ्यायची आणि बारीक सुईने नमुन्याचा थेंबाहूनही कमी अंश त्यांच्या मेंदूत टोचायचा. मग रोज पाहायचं. पिल्लू दूध पितंय का? पोटाच्या पातळ कातडीखाली दुधाचा पांढरा डाग दिसतोय का? उलटं केलं तर सरळ होतंय का? जे मलूल पडेल त्याचा मेंदू काढायचा, त्याचा अर्क पुढच्या पिल्लांना टोचायचा आणि त्यातून हाती आलेला विषाणू ओळखीच्या विषाणूंच्या रक्तजलांशी ताडून पाहायचा. या पद्धतीने क्यासनूरचा विषाणू हाती लागला, तो पीतज्वराचा निघाला नाही. त्याचं नातं निघालं थेट रशियातल्या गोचिडींमार्फत होणाऱ्या मेंदूज्वराशी. तोवर जगाला माहीत नसलेला एक आजार पाच वर्षांच्या संस्थेने शोधला होता. कोकणात आणि गोव्यात आज आपण त्यालाच माकडताप म्हणतो. २०१५मध्ये तो सत्तरीत दिसला, २०१६मध्ये दोडामार्गात.

आता आरटी-पीसीआरचं उत्तर काही तासांत येतं. पण ज्या विषाणूबद्दल विचारावं, तेवढ्याचंच उत्तर ती चाचणी देते. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल, तर संपूर्ण जनुकीय क्रम वाचणारी यंत्रं लागतात. आणि त्याआधी, हा ताप नेहमीचा नाही असं ज्याला वाटेल, असा गावपातळीवरचा डॉक्टर लागतो.

१९६७मध्ये रॉकफेलरने हात काढून घेतला. परदेशी मदतीवर उभ्या राहिलेल्या कितीतरी संस्था या टप्प्यावर कोलमडतात. ही टिकली, कारण माणसं इथली तयार झाली होती. टी. रामचंद्र राव यांच्यासारखा डासांचा जाणकार संचालक झाला. १९७८मध्ये केंद्राला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला, तेव्हा डॉ. खोरशेद पावरी संचालक होत्या.

पावरींच्या काळातली एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ‘हेपेटायटिस ए’ची असं धरून चाललं होतं. रुग्णांचं रक्तजल मात्र कुणीतरी जपून ठेवलं होतं. पंचवीसेक वर्षांनी नव्या चाचण्या आल्या, तेव्हा पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांबरोबर दिल्लीचे, अहमदाबादचे आणि पुण्याचे नमुने तपासले. १९८०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: हा ए नाही आणि बीसुद्धा नाही. आज आपण त्याला ‘हेपेटायटिस ई’ म्हणतो. पंचवीस वर्षं नमुने गोठवून ठेवायचे म्हणजे वीज, बर्फ, नोंदवह्या आणि बदलत्या कर्मचाऱ्यांनी एकमेकांच्या हाती सोपवलेली जबाबदारी. या कामाची बातमी कधी होत नाही, आणि अंदाजपत्रकात कात्री चालते तीही बहुधा इथेच.

क्यासनूरच्या विषाणूने दुसराही धडा दिला होता: तो हाताळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसांनाच त्याची लागण होत गेली. अशा विषाणूंवर काम करायचं तर तशी वास्तू हवी. ती पाषाणला २०१२मध्ये झाली, देशातली पहिली चौथ्या स्तराची जैवसुरक्षा प्रयोगशाळा. आतला हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. कामाला जाणाऱ्याच्या अंगात संपूर्ण बंद पोशाख, त्यात नळीतून येणारी हवा. बाहेर पडताना पोशाखासकट रसायनाचा फवारा घ्यावा लागतो. हवा गाळण्यांतून जाते आणि सांडपाणी निर्जंतुक झाल्याशिवाय सुटत नाही. अशी इमारत बांधणं एक वेळ सोपं, ती रात्रंदिवस चालू ठेवणं कठीण.

३० जानेवारी २०२० रोजी केरळमधल्या एका विद्यार्थिनीला करोना झाल्याचं निदान झालं, ते याच संस्थेच्या तपासणीतून. मार्चमध्ये विषाणू वेगळा काढला गेला. त्याचाच एक वाण भारत बायोटेकला देण्यात आला आणि त्यातून कोव्हॅक्सिन झाली. माझ्या मते मात्र त्या वर्षातलं अधिक मोठं काम वेगळंच होतं. जानेवारीत देशभरात ही चाचणी करणारी एकच प्रयोगशाळा होती, जूनअखेर त्या हजार झाल्या. त्यांची पद्धत ठरवणं आणि त्यांना प्रशिक्षण देणं यात पुण्याचा मोठा वाटा होता. राष्ट्रीय प्रयोगशाळेने सगळं स्वतःच तपासत बसू नये. जिल्ह्यातल्या तंत्रज्ञाला आपल्याइतकं भरवशाचं बनवावं. २००९मध्ये स्वाइन फ्लूने पुण्याला घेरलं तेव्हा नमुन्यांचा ढीग एकाच दारात साचला होता. पुणेकर ते विसरलेले नाहीत.

एक सल मात्र उरते. १९६५मध्ये याच संस्थेच्या भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी नागपूर भागात तापाच्या रुग्णांमधून एक विषाणू काढला. तिथल्या चांदीपुराचंच नाव त्याला मिळालं. तेव्हा तो किरकोळ वाटला. २००३मध्ये आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुलांना गाठलं, त्यातली १८३ दगावली. वालुमाशीमार्फत पसरणारा हा आजार मुलाला एक-दोन दिवसांत संपवतो. २०२४च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा आला. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशभरात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू झाले. त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुराच निघाला. सुरुवातीचे नमुने पुण्याला आले, पुढे तपासणी गुजरातमध्येच होऊ लागली. निदान झालं, पण त्यावर औषध नव्हतं आणि लसही नव्हती. विषाणू सापडून तोवर एकोणसाठ वर्षं झाली होती.